जँगोमध्ये स्थिर पानांना स्वच्छ पत्ते कसे द्यावेत? (आणि देवनागरीत द्यावेत का?)

सह्यभटक्या

नमस्कार मंडळी,

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट जँगोवर (वेबसाइट बनवायचं पायथॉनमधलं फ्रेमवर्क) आहे. नोंदणी, पैसे, सहभागींच्या याद्या हे सगळं बरं चालतं. दुखणं आहे ते न हलणाऱ्या पानांचं: आमच्याविषयी, नियम, नव्याने येणाऱ्यांसाठी सूचना, संपर्क. आधी साइट बघणाऱ्याने ती डेटाबेसात कोंबून ठेवलीत आणि पत्ता असा निघतो: साइटचं नाव, तिरकी रेघ, पान, तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर ७. फोनवरून कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, "राहू दे, व्हॉट्सअ‍ॅप कर."

मला हवंय ते एवढंच: साइटचं नाव, तिरकी रेघ, संपर्क. संपलं.

मला तीन वाटा दिसतात. प्रत्येक पानाला वेगळा व्ह्यू (पान बनवून देणारा कोड) लिहायचा, किंवा जँगोबरोबर येणारं फ्लॅटपेजेस वापरायचं, किंवा सगळं गिळणारा एकच राउट (कोणत्या पत्त्याला कोणता व्ह्यू ही जोडणी) शेवटी ठेवायचा. आमच्या सचिवकाकांना नियमांचा मजकूर स्वतः बदलता यायला हवा, दर पावसाळ्याआधी ते बदलतातच. शिवाय पत्ते देवनागरीत असावेत अशी कमिटीची हौस आहे. जमतं का हे?

मोबाईलवरून लिहितोय, म्हणून कोड शब्दांतच सांगतोय. सांभाळून घ्या.

शेवटचा_डबा

चार पानांसाठी जँगो? चार एचटीएमएल फाइली टाका सर्व्हरवर आणि जा ट्रेकला.

सह्यभटक्या

@शेवटचा_डबा, नोंदणी जँगोवर आहे हो. आणि एचटीएमएल फाइल उघडून सचिवकाका स्वल्पविराम बदलणार नाहीत. ते मला रात्री अकरा वाजता फोन करणार.

मीनल_कोथरूड

मजकूर क्वचितच बदलत असेल तर टेम्प्लेटव्ह्यू (टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, नुसता दाखवणारा तयार व्ह्यू) पुरतो. यूआरएलच्या फाइलमध्ये पानागणिक एक ओळ: पाथ, त्यात पत्ता, पुढे टेम्प्लेटव्ह्यू आणि टेम्प्लेटचं नाव, शेवटी त्या राउटचं नाव. व्ह्यू लिहायलाच लागत नाही. मजकूर गिटमध्ये (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) राहतो, कुणी काय बदललं ते दिसतं.

राउटला नाव नक्की द्या. टेम्प्लेटमध्ये लिंक देताना पत्ता हाताने लिहायचा नाही, यूआरएल टॅग लावून त्या नावाने मागवायचा. मग उद्या "संपर्क" चं "भेटा" केलंत तरी एकाच ओळीत बदल, सगळ्या लिंक आपोआप सुधारतात.

जुना_पायथॉनी

सचिवकाका असतील तर फ्लॅटपेजेसच. थोडं सविस्तर लिहितो, कारण याबद्दल अर्धवट सल्ले फार फिरतात.

जँगो जन्मला तो अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या वेब विभागात. २००३ च्या सुमारास एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते काम सुरू केलं, २००५ च्या जुलैत ते सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या रोज वाहतात, पण "आमच्याविषयी" आणि "अटी" वर्षानुवर्षं तिथेच. त्यांना स्वतंत्र अ‍ॅप लिहिण्यात अर्थ नसतो. फ्लॅटपेजेस असल्याच पानांसाठी आहे: पत्ता, शीर्षक, मजकूर, आणि हवं असेल तर वेगळं टेम्प्लेट. अ‍ॅडमिनमधून (जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांवरून) भरायचं. तुमच्या काकांचं काम झालं.

बसवताना साइट्स हे अ‍ॅपसुद्धा लागतं आणि सेटिंगमध्ये साइट-आयडी द्यावा लागतो. नवे लोक आपटतात ते इथेच. मुळात एक्झाम्पल डॉट कॉम नावाची नोंद असते, तिचा आयडी १. ती पुसून नवी नोंद केली की आयडी होतो २, सेटिंगमध्ये मात्र १ च राहतो. ती नोंद पुसू नका, तिचंच नाव बदला. आणि प्रत्येक पान भरताना खाली साइट निवडलीत का ते बघा. तिथे चुकलं तर पान अ‍ॅडमिनमध्ये दिसतं, बाहेर ४०४ (पान सापडलं नाही).

आता पत्त्याचं. फ्लॅटपेजेस तीन तऱ्हांनी जोडता येतं. एक, सगळी पानं एखाद्या उपपत्त्याखाली, म्हणजे "पाने" या शब्दापुढे. दोन, यूआरएलच्या यादीत अगदी शेवटी सगळं पकडणारा एक नमुना. तीन, मिडलवेअर: कुठलाच राउट जुळला नाही आणि उत्तर ४०४ यायला लागलं की ते मधे पडतं, डेटाबेसात त्या पत्त्याचं पान आहे का बघतं, असेल तर ते देतं.

मी मिडलवेअर वापरतो.

राउट_नंबर_नऊ

मिडलवेअरला माझा विरोध. प्रत्येक ४०४ ला डेटाबेसाकडे एक फेरी होते, आणि इंटरनेटवर बॉट दिवसभर वर्डप्रेसची लॉगिनपानं शोधत भटकत असतात. तुमच्याकडे वर्डप्रेस नाही, तरी प्रत्येक भटक्यासाठी तुम्ही कपाट उघडून बघणार.

दुसरं म्हणजे यूआरएलची फाइल वाचून साइटवर काय काय आहे ते कळलं पाहिजे. मिडलवेअर असलं की निम्मी साइट त्या फाइलीत दिसतच नाही. सहा महिन्यांनी नवा माणूस येतो आणि विचारतो, हे "नियम" पान येतंय कुठून?

जुना_पायथॉनी

@राउट_नंबर_नऊ, एका ट्रेकिंग ग्रुपच्या साइटवर एका क्वेरीने आभाळ कोसळत नाही. पत्त्याच्या रकान्याला इंडेक्स असतो. दुसरा मुद्दा मात्र मान्य.

कोकणकडा

कॅच-ऑल (सगळं पकडणारा राउट) लावणार असाल तर तो सगळ्यात शेवटी. जँगो यादी वरून खाली वाचतो आणि पहिला जुळेल तो राउट घेतो. आमच्या एका सहकाऱ्याने तो वर ठेवला होता. नोंदणी ४०४, अ‍ॅडमिन ४०४, आणि सगळे सर्व्हरवाल्याच्या नावाने शंख करत होते.

बाळूमामा_डेव

लारावेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) हे एका ओळीत होतं. ५.५ पासून राउट-व्ह्यू आहे: पत्ता द्या, टेम्प्लेट द्या, खेळ खलास.

मीनल_कोथरूड

बाळूमामा, जँगोतही एकच ओळ आहे. वर लिहिलीय मी.

बाळूमामा_डेव

वाचली, पण लारावेलचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

पीएचपी_पेन्शनर

तुम्ही मुलं सुखात आहात. आमच्या वेळी केकपीएचपी हे फ्रेमवर्क होतं (अजूनही आहे, बरं का). त्यात स्थिर पानांसाठी पेजेस नावाचा कंट्रोलर (विनंती हाताळणारा कोड) तयारच मिळतो, त्यात डिस्प्ले ही एकच कृती. टेम्प्लेटांच्या फोल्डरात फाइल टाकली की "पेजेस" या शब्दापुढे फाइलचं नाव लिहून पान उघडतं. तो "पेजेस" शब्द घालवायचा तर राउटच्या फाइलीत एक जोडणी: "अबाउट" आलं की पेजेस कंट्रोलर, डिस्प्ले कृती, "अबाउट" हे पान. अशी चार पानं, चार ओळी.

पाचवं पान आलं की लोकांना हुशारी सुचते आणि ते "मुळापासून काहीही आलं की डिस्प्लेकडे" असं लिहून मोकळे होतात. मग बाकीचे कंट्रोलर मेले. मधला मार्ग असा की राउटमध्ये पानाच्या जागी नमुना बांधायचा: "अबाउट किंवा नियम किंवा संपर्क" एवढंच जुळू दे. एका ओळीत सगळी पानं, आणि बाकी साइटला धक्का नाही.

फ्रेमवर्कपर्यंत विनंती पोचायच्या आधीचंही बघा. अपाचे या वेब सर्व्हरवर मॉड-रीराइट (पत्ते बदलून पुढे देणारं मॉड्यूल) चालू हवं आणि त्या फोल्डराला अलाउ-ओव्हरराइडची, म्हणजे फोल्डरातली एचटी-अ‍ॅक्सेस फाइल वाचायची, परवानगी हवी. अपाचे २.४ मध्ये ती मुळातच बंद असते. एचटी-अ‍ॅक्सेस फाइल अगदी बरोबर लिहिलेली असते आणि सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. यात माणसांच्या रात्री गेल्यात.

राउट_नंबर_नऊ

@पीएचपी_पेन्शनर, काका, तुमचा मधला मार्ग जँगोत थेट आहे आणि फ्लॅटपेजेससकट आहे. जँगोच्या स्वतःच्या दस्तऐवजात दिलाय, तरी फारसं कुणी वापरत नाही.

यूआरएलच्या फाइलीत पाथ लिहायचा, व्ह्यू म्हणून फ्लॅटपेजेसचाच व्ह्यू द्यायचा, आणि तिसऱ्या जागी "हे पान दाखव" म्हणून डेटाबेसातला पत्ता पक्का बांधायचा. शेवटी राउटचं नाव. म्हणजे पत्ता कोडमध्ये आणि मजकूर अ‍ॅडमिनमध्ये. काका मजकूर कितीही बदलोत, पत्ता त्यांच्या हाती नाही. मिडलवेअर नको, कॅच-ऑलही नको. मीनलताई म्हणतात तो यूआरएल टॅगही चालतो.

मीनल_कोथरूड

हे चांगलंय. माझी शिफारस मागे घेते.

सह्यभटक्या

@राउट_नंबर_नऊ, हे पटलं. मागे काकांनी शीर्षकाबरोबर पत्ताही बदलला होता आणि आमच्या पत्रकावरची लिंक मेली होती. आता देवनागरीचं सांगा कुणीतरी.

शेवटचा_डबा

देवनागरी पत्ता ठेवा आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघा. गंमत येईल.

अनुस्वार

@शेवटचा_डबा हसतायत ते कशाला, ते लिहिते.

पत्त्याच्या पट्टीत "संपर्क" सुरेख दिसतं. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की टक्क्यांची रांग लागते: %ई०%ए४ करत लांबच लांब. कारण असं की यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. "संपर्क" मध्ये चिन्हं सहा: स, अनुस्वार, प, र, हलन्त, क. झाली चोपन्न अक्षरं. तुमचं "येणाऱ्यांसाठी सूचना" किती होईल ते तुम्हीच मोजा.

ब्राउझर आणि सर्च इंजिनं हे नीट हाताळतात, तिथे अडचण नाही. अडचण माणसांची आहे. मेसेजमध्ये असली लिंक आली की लोकांना व्हायरस वाटतो. क्यूआर कोड छापलात तर पत्ता लांब म्हणून ठिपके दाट, आणि फ्लेक्सवर लांबून स्कॅन व्हायला कुरकुर.

आता जँगोचं. फ्लॅटपेजेसच्या अ‍ॅडमिन फॉर्ममध्ये पत्त्याच्या रकान्यात "/संपर्क/" टाकून बघा. घेणार नाही. म्हणेल, फक्त अक्षरं, आकडे, टिंब, रेघा वगैरेच चालतील. तुम्ही म्हणाल, अहो, अक्षरंच तर आहेत! पण पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर जुळवायच्या नमुन्यांत) "शब्दातलं अक्षर" या खुणेत आपल्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत. स, प, र, क चालतात. त्यांच्यावरचं-खालचं सगळं त्याच्या लेखी कचरा.

बाळूमामा_डेव

म्हणजे पायथॉनला "कमल नमन कर" चालतं, बाकी मराठी नाही.

अनुस्वार

अगदी बरोबर. पहिलीचं पुस्तक चालतं.

आणि हा मासला पाहा. शीर्षकावरून पत्ता बनवणारं स्लगिफाय आहे ना, त्याला जँगो १.९ पासून युनिकोड, म्हणजे इंग्रजीखेरीज इतर लिप्यांची अक्षरं, चालू करायचा पर्याय मिळाला. तो चालू करून "संपर्क" द्या. परत येतं "सपरक". "नियम" चं "नयम". चूक झाल्याचा निरोपही येत नाही, मुकाट्याने मात्रा गळतात.

कोकणकडा

"सपरक" 😂 आमच्या गावात या नावाची वाडी नक्की असेल.

तिखटमीठ

पाथमध्ये स्लग नावाचा कन्व्हर्टर (पत्त्यातला बदलता भाग ओळखणारा) वापरलात तरी देवनागरी जुळणार नाही. तो फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, जोडरेघ आणि अधोरेघ ओळखतो. एसटीआर कन्व्हर्टर वापरा, तिरकी रेघ सोडून काहीही घेतो.

जुना_पायथॉनी

पण @राउट_नंबर_नऊ यांच्या पद्धतीत ही सगळी भानगड टळते, लक्षात आलं का? यूआरएलच्या फाइलीत पाथ देवनागरीत सरळ लिहिता येतो, जँगो आलेला पत्ता उलगडूनच जुळवतो. अ‍ॅडमिनमध्ये त्या पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा आणि राउटमध्ये तो बांधा. बाहेर देवनागरी, आत रोमन. फॉर्म खूश, कमिटी खूश.

ओंकार_टोरांटो

इथल्या आमच्या मराठी शाळेच्या साइटवर आम्ही देवनागरी पत्ते ठेवले होते. पालक मंडळी मराठी बोलतात, पण बऱ्याच जणांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्डच नाही. पत्ता वाचता येतो, टाइप करता येत नाही. शेवटी दोन्ही ठेवले: रोमन हा मुख्य, देवनागरीवरून त्याच्याकडे रीडायरेक्ट (आपोआप वळवणं).

शेवटचा_डबा

रोमनमध्ये तरी कुठे एकमत आहे? "आमच्याविषयी" मध्ये सुरुवातीला ए एक की दोन? व ला व्ही की डब्ल्यू? कमिटीची बैठक घ्यावी लागेल.

सह्यभटक्या

कमिटीची बैठक नको. मागची चहाचा कंत्राटदार बदलण्यावर संपली होती, आणि ती साइटसाठीच बोलावली होती.

तिखटमीठ

चहा कुठल्या गडाच्या पायथ्याशी सगळ्यात वाईट मिळतो यावर वेगळा धागा काढा, माझं मत तयार आहे.

कोकणकडा

काढा काढा. लोहगडाला माझा आक्षेप नोंदवून ठेवा. पिठलं-भाकरी मात्र राजगडाची.

लिपिकार

जरा मूळ विषयाकडे. देवनागरी ठेवणारच असाल तर एक खड्डा अजून कुणी सांगितला नाही, आणि तो खास मराठीतलाच आहे. तुमच्या "येणाऱ्यांसाठी" मधला तो ऱ्य.

हा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं शून्यरुंदीचं जोडचिन्ह, मग य. कोणता कीबोर्ड आहे त्यावर कोणता प्रकार उमटेल ते ठरतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. राउटला मात्र ते दोन वेगळे पत्ते. तुम्ही एका प्रकाराने यूआरएलमध्ये लिहिलंत आणि कुणी दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केलं, की ४०४. तो म्हणणार पान नाही, तुम्ही म्हणणार आहे, आणि स्क्रीनशॉट दोघांचे सारखे.

कुणीतरी "युनिकोड नॉर्मलायझेशन करा" असं म्हणेल, म्हणून आधीच सांगतो: त्याने हे सुटत नाही. ऱ एका तुकड्याचा की र अधिक नुक्ता, एवढंच त्यात एक होतं. जोडचिन्हाचा प्रकार वेगळाच राहतो. ज्या शब्दात ऱ्य किंवा ऱ्ह आहे तो पत्त्यात घेऊच नका. "सूचना" एवढं पुरे.

अनुस्वार

@लिपिकार, हे मला माहीत नव्हतं. आमच्या साइटवरच्या शोधात "पायऱ्या" कधी सापडायचं, कधी नाही, त्याचं कारण आज कळलं.

मीनल_कोथरूड

एक राहिलंच. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवी की नको ते एकदा ठरवा. जँगोत अपेंड-स्लॅश मुळातच चालू असतं, म्हणजे रेघ विसरली तर तो रेघवाल्या पत्त्याकडे वळवतो. ते तसंच राहू द्या. दोन्ही पत्त्यांवर तेच पान मिळालं तर सर्च इंजिनाच्या लेखी ती दोन पानं होतात.

आणि टेम्प्लेटमध्ये चित्रांचे पत्ते सापेक्ष लिहिले असतील तर सावध. "/सूचना/" झालं की ब्राउझर त्या नावाच्या फोल्डरात चित्र शोधायला जातो. स्टॅटिक टॅग वापरा.

सह्यभटक्या

सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: राउट_नंबर_नऊ यांची पद्धत, मुख्य पत्ते रोमनमध्ये, देवनागरीतून रीडायरेक्ट, आणि "येणाऱ्यांसाठी सूचना" चं नुसतं "सूचना".

पण जुन्या पत्त्यांचं काय? ते आयडी बरोबर ७ वालं आमच्या मागच्या वर्षीच्या फ्लेक्सवर क्यूआर कोडात आहे, आणि दोन-तीन ब्लॉगवाल्यांनीही लिंक दिलीय.

राउट_नंबर_नऊ

जुना पत्ता मारायचा नाही. टिम बर्नर्स-ली १९९८ सालीच सांगून बसलेत की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. त्यांनी तेव्हाच फाइलचं शेपूट, लेखकाचं नाव असलं काही पत्त्यात नको म्हटलं होतं.

जँगोत रीडायरेक्ट्स नावाचं अ‍ॅप आहे. जुना पत्ता, नवा पत्ता, अ‍ॅडमिनमधूनच. ते प्रश्नचिन्हासकट पूर्ण पत्ता जुळवतं, त्यामुळे तुमचा आयडी ७ चालेल. मात्र तेही ४०४ आल्यावरच जागं होतं. जुना व्ह्यू जिवंत असेपर्यंत ते झोपलेलं राहणार. आधी जुना राउट काढा. नवा पत्ता रिकामा ठेवलात तर ते ४१० देतं, म्हणजे "होतं, आता कायमचं गेलं". बंद केलेल्या पानांसाठी कामाचं.

तिखटमीठ

आणि देवनागरीवरून रोमनकडे न्यायला रीडायरेक्टव्ह्यू वापराल, तर त्यात परमनंट हे ट्रू लिहा. जँगो १.९ पासून ते मुळात बंद असतं आणि ३०२ (तात्पुरतं वळण) जातो. पण चाचणी होईपर्यंत ३०२ च ठेवा! ३०१ (कायमचं वळण) ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीच्या जागी ३०१ गेला की सर्व्हरवर दुरुस्त केलंत तरी त्या माणसाचा ब्राउझर जुन्याच वाटेने जात राहतो.

सह्यभटक्या

केलं. जुना राउट काढला, चार नोंदी भरल्या. फ्लेक्सचा फोटो गॅलरीत होता, तो लॅपटॉपवर उघडून फोनने स्कॅन केला. नियमांचं पान नव्या पत्त्यावर उघडलं. देवनागरी "संपर्क" पण जातोय. ३०१ पुढच्या आठवड्यात.

काकांना अ‍ॅडमिन दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न: "यात अक्षर मोठं कसं करायचं?"

शेवटचा_डबा

त्यासाठी नवीन धागा काढा.

बाळूमामा_डेव

लारावेलमध्ये

मीनल_कोथरूड

बाळूमामा!